डावा कोपरा

सुरतजवळ सचिन या गावी एका डाईंग मिलमध्ये मी लागलो तेव्हा मला कापडातलं काही कळत नव्हतं, आणि ते मला कोणी विचारलंही नाही. मला घेतलं होतं कबड्डीसाठी. मिलच्या शेठना कबड्डीचं वेड होतं. तरुणपणी नवसारीकडच्या आपल्या गावात ते स्वतः खेळले होते. पुढे मिल काढली, अंग सुटलं, पण संध्याकाळी गाडीतून उतरून ते मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि आमच्यातला कोणी चुकला की तोंडानं 'च्च' करायचे. त्या 'च्च'ला आम्ही फार घाबरायचो.

टीम बारा जणांची होती. सात खेळायचे, पाच बसायचे. कागदोपत्री आम्ही सगळे फोल्डिंग खात्यातले हेल्पर. फोल्डिंग म्हणजे तयार कापडाच्या घड्या घालून गठ्ठे बांधायचे. बसून करायचं, सावलीतलं, मिलमधलं सगळ्यात हलकं काम. त्यामुळे बाकीचे कामगार आम्हाला 'शेठना जमाई', म्हणजे शेठचे जावई, म्हणायचे, आणि कँटीनमध्ये आम्ही रांगेत उभे राहिलो की मुद्दाम बाजूला होऊन वाट द्यायचे. पहिले काही दिवस मला त्यात मान वाटला. मग कळलं.

आम्ही मूळचे खानदेशातले, राहायचो सुरतेत लिंबायतला. वडील कडोदऱ्याच्या एका खात्यावर, म्हणजे मागाच्या कारखान्यात, लूम चालवायचे. आठवडा दिवसपाळी, आठवडा रातपाळी, आणि घरी आले की कानात मशीन चालूच असल्यासारखे मोठ्यानं बोलायचे. सरांनी, म्हणजे मिलच्या कोचनी, मला आमच्या मंडळाच्या सामन्यात पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी बोलावलं. घरी सांगितलं तर वडील आईकडे बघून म्हणाले, "खेळाना पगार देतस? मंग काम कोण करस?"

मी म्हटलं, काम पण करायचंय. तेव्हा त्यांना थोडं पटलं.

त्या वेळी मी वीस वर्षांचा होतो. साडेचारला उठायचो. आई भिजवलेले हरभरे आणि कळण्याची भाकरी बांधून द्यायची. सायकलनं सचिनला पोचायला तास लागायचा. सहा ते आठ सराव, नऊ ते पाच फोल्डिंग, साडेपाचला परत मैदान. घरी यायला साडेआठ व्हायचे. जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि आई म्हणायची, "आधी जेवी ले, मंग झोप." रविवारी सामने असायचे, म्हणजे रविवारही नाही. लोकांना वाटतं खेळाडू म्हणजे अंगात नुसता उत्साह. मला त्या वर्षांतलं सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर मांड्यांमधला जडपणा. जिना चढताना पाय उचलून पुढच्या पायरीवर ठेवावा लागायचा, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

मैदान बॉयलरच्या मागं होतं. कोळशाची राख उडून मातीवर बसायची, ती खरचटलेल्या कोपरांत जायची आणि जखम बरी झाली तरी खाली काळा डाग राहायचा. माझ्या डाव्या कोपरावर अजून आहे. माती दाबायला रोज पाणी मारावं लागे. एकदा टँकर आला नाही म्हणून कोणीतरी हुशारी करून धुलाईच्या नाल्यातलं पाणी मारलं. सराव संपला तेव्हा बाराच्या बारा जणांचे पाय घोट्यापर्यंत हिरवे झाले होते. आठवडाभर रंग गेला नाही. अंकलेश्वरला तसेच हिरव्या पायांनी खेळायला गेलो. मी अर्थात बसायला गेलो.

दोन मोसम मी बसलोच. कारण माझी जागा डावा कोपरा, आणि डावा कोपरा भाऊचा होता.

भाऊ पारोळ्याकडचा. वय तेव्हा बत्तीस-तेहतीस. लिंबायतला आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहायचा, बायको आणि दोन मुली. कबड्डीत कोपऱ्यावरच्या माणसाचं काम एकच. समोरचा गडी चढाई करत आत आला की त्याचा घोटा धरायचा आणि त्याला मध्यरेषेपर्यंत परत जाऊ द्यायचं नाही. ऐकायला सोपं आहे. भाऊनं घोटा धरला की मोठमोठे गडी तोंडावर पडायचे आणि पडल्यावर मागे वळून बघायचे, पाय कशात अडकला म्हणून. तो दिसायला किरकोळ होता. बाजारात कोणी त्याला खेळाडू म्हटलं नसतं.

आम्ही बरोबर सायकलनं जायचो. आपसात अहिराणीतच बोलायचो, इथं मी ते सोपं करून लिहितो आहे. तो पुढे, मी मागे. उधन्याच्या पुढे ट्रकांची वर्दळ असायची, म्हणून तो हात मागे करून मला खुणा करायचा, थांब, ये, थांब. आपली जागा घ्यायलाच या पोराला आणलं आहे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला बाजूला घेतलं.

"तू हात बघतोस," तो म्हणाला. "समोरचा हात फिरवतो, तू हातामागं जातोस. हात खोटं बोलतात. खांदेसुद्धा खोटं बोलतात. कंबर बघ. पाय जायच्या आधी कंबर वळते."

"आणि कंबरही फसवत असेल तर?"

"तसा एकच भेटला मला. त्याला धरायचं नसतं, जाऊ द्यायचं."

रोज सरावानंतर दहा मिनिटं तो मला स्वतःचा घोटा धरायला लावायचा. माझी बोटं त्याच्या घोट्यावर कशी बसली पाहिजेत, अंगठा कुठं, डोकं कुठं, हे त्यानं दोन वर्षं शिकवलं. डोकं आतल्या बाजूला ठेवलं की गुडघा लागतो आणि दात जातात. त्याचे दोन गेले होते.

त्याचा गुडघा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो बिलिमोऱ्याला. स्पर्धेसाठी गेलो होतो, उतरायला एका शाळेचा वर्ग दिला होता. दुपारी सगळे बाहेर होते. मी आत आलो तर भाऊ बाकावर पाय लांब करून बसला होता आणि गुडघ्यावरची पट्टी सोडत होता. मिलमधल्या चिंध्यांचीच पट्टी होती, तिच्यावर वेलीची छपाई. खाली गुडघा असा नव्हताच. सगळं भरून आलेलं, बोट दाबलं की खड्डा पडून तसाच राहायचा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून."

"सरांना सांगितलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पट्टी परत गुंडाळायला घेतली. "सांगितलं की संपलं. टीममधून गेला तो फोल्डिंगमधून गेला. मग जेटवर टाकतात." जेट म्हणजे कापड रंगवायची मोठी मशीन. ओली फरशी, वाफ, बारा तास उभं राहायचं. "दोन वर्षं अजून. मोठीची दहावी होऊ दे. हे टोक धर जरा."

मी पट्टीचं टोक धरलं. त्यानंतर प्रत्येक सामन्याआधी ती मीच बांधायचो, कारण त्याला स्वतःला पुरेशी आवळता यायची नाही. आवळताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि दुसरीकडे बघायचा.

तिसरा मोसम सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. घरी कुरबुर चालू झाली होती. वडिलांच्या खात्यावर माणूस पाहिजे होता आणि ते रोज म्हणायचे, हा बसायला सचिनला जातो, त्यापेक्षा इकडे उभा राहू दे. आई माझ्या पायांना तेल लावायची. मी फार थकलो होतो. खेळून दमणं वेगळं असतं. मी न खेळता दमलो होतो. दोन वर्षं सराव करायचा, सामन्याच्या दिवशी कपडे घालायचे, कडेला बसायचं, आणि तसेच स्वच्छ कपडे काढून पिशवीत भरायचे.

एका संध्याकाळी सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. ती सामानाची खोलीच होती. चुन्याच्या गोण्या, दोऱ्या, मलमाचा वास. सर गुजराती, पन्नाशीचे, आमच्याशी हिंदीत बोलायचे.

"बैठ," ते म्हणाले. मी गोणीवर बसलो.

"उसका घुटना कैसा है?"

मी खाली दोऱ्यांकडे पाहिलं.

"तू रोज साथ आता है. पट्टी तू बांधता है. मैं अंधा नहीं हूँ. लेकिन मुझे सुनना है."

मला आजही नक्की सांगता येत नाही की तेव्हा माझ्या मनात काय होतं. मित्राचा पाय वाचावा असं होतं का? होतं, थोडं. खोटं बोलायची भीती होती का? तीही होती. पण सगळ्यात वर जे होतं ते मला माहीत आहे. मला खेळायचं होतं.

"जिना उतरताना कठड्याला धरतो," मी म्हणालो.

एवढंच बोललो. सरांनी मान हलवली आणि म्हणाले, "जा."

बाहेर भाऊ दोन्ही सायकली घेऊन उभा होता. त्यानं विचारलं, काय म्हणत होते. मी म्हटलं, आहाराबद्दल. तो म्हणाला, "त्यांना म्हणावं, आहार द्या तर खरं," आणि हसला.

चार दिवसांनी मोसमातल्या पहिल्या स्पर्धेची यादी लागली. फोल्डिंगच्या दाराजवळ फळ्यावर लावायचे. सातात माझं नाव होतं आणि भाऊचं राखीव पाचांत. त्यानं यादी वाचली, माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि आपल्या जागेवर जाऊन घड्या घालायला लागला. दिवसभरात त्याच्या घड्यांचा गठ्ठा रोजच्यापेक्षा उंच झाला होता.

पहिला सामना वलसाडला. समोर वापीकडच्या एका कंपनीची टीम होती, अंगानं भक्कम. दुपारचे चार, उन्हानं माती तापलेली. मी कोपऱ्यावर उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की कडेला बसून मैदान जेवढं दिसतं तेवढं ते मोठं नसतं. सगळे फार जवळ होते. त्यांचा पहिला गडी आत आला, हात फिरवला आणि मी हातामागं गेलो. त्यानं माझ्या डोक्याला स्पर्श केला आणि निघून गेला. मी बाद. मैदानात उतरून पुरतं मिनिटही झालं नव्हतं. शेठ कडेला उभे होते. 'च्च' ऐकू आलं.

बाद होऊन मी भाऊच्या शेजारी बसलो. तो मैदानाकडे बघत म्हणाला, "कंबर."

"हो."

"हो नको. बघ."

आमच्या गड्यानं एक टिपला आणि मी परत आत गेलो. त्यानंतर मी तीन पकडी केल्या. तिसरी चांगली होती. त्यांचा सगळ्यात वजनदार गडी माझ्या अंगावरून उडी मारायला गेला आणि मी त्याचा घोटा हवेतच धरला. तो माझ्या खांद्यावर पडला. काहीतरी कट्‌ वाजलं, पण मी सोडलं नाही. कडेला भाऊ उभा राहून ओरडत होता, मुलीच्या लग्नात ओरडावं तसा. आम्ही चार गुणांनी हरलो. सर मला म्हणाले, "ठीक." शेठ काहीच म्हणाले नाहीत. परत येताना टेम्पोत भाऊनं माझा खांदा चोळून दिला. मला रडू यायला लागलं तर तो म्हणाला, दुखत असेल, दुखू दे.

महिनाभरात त्याला जेटवर पाठवलं. पाळी बदलली म्हणून आमचं बरोबर जाणंही बंद झालं. कधी गेटवर भेटायचा, मनगटापर्यंत निळा किंवा लाल. विचारायचा, "खांदा?" मी म्हणायचो, बरा आहे. मी विचारायचो, "गुडघा?" तो म्हणायचा, आहे जागेवर.

मी खेळत राहिलो. त्या वर्षी आणि पुढेही, टीम होती तोवर. सुरत, भरूच, बडोदा, एकदा जळगाव. जळगावला आमचे गाववाले बघायला आले होते आणि मी दोन्ही डावांत लवकर बाद झालो. एकूण मी बरा खेळाडू होतो. भाऊइतका नव्हतो. सगळ्यांना ते माहीत होतं, मलाही. खांदा पहिल्या सामन्यापासून कधी पूर्ण बरा झाला नाही. उजव्या कुशीवर झोपता यायचं नाही. सामन्याआधी सर मलम लावायचे आणि म्हणायचे, "चालशे." जागा घ्यायला दुसरा गडी तयार नसला की कसाही मोडलेला खेळाडू सरांना चालायचा. आई मात्र सदरा काढताना माझा हात वर जात नाही हे बघायची. "दुखस का?" मी नाही म्हणायचो. ती दुसऱ्या बाजूनं बाही ओढून द्यायची.

सरांच्या खोलीत जे बोललो ते मी दीड वर्ष मनात ठेवलं. मग एका सुट्टीच्या दिवशी भाऊच्या घरी गेलो. तो ओट्यावर पाय लांब करून बसला होता. जेटवर उभं राहून राहून गुडघा आणखी बिघडला होता, आता पायरीसुद्धा नको व्हायची. मोठी मुलगी आत अभ्यास करत होती. वहिनींनी चहा दिला आणि त्या आत गेल्या.

मी सरळ सांगितलं. सरांनी काय विचारलं, मी काय म्हणालो, सगळं.

त्यानं चहा संपवला. "माहीत आहे मला."

"सरांनी सांगितलं?"

"नाही. त्या दिवशी परत येताना तू सायकल माझ्या पुढे काढलीस. तोवर कधी काढली नव्हती. मनात म्हटलं, याला माझ्याकडे बघायचं नाही आहे."

मी म्हटलं, "मी नसतं सांगितलं तर?"

"तर सहा महिने खेळलो असतो. कदाचित वर्ष. मग कुणाच्या तरी अंगाखाली पाय मोडला असता."

"म्हणजे झालं ते बरंच झालं ना?"

"तसं मी नाही म्हटलं," भाऊ म्हणाला. आवाज चढवला नाही. "दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर चाललं असतं. पण तू सांगितलंस. आता ते तसंच राहणार. तू रोज येऊन माफी मागितलीस तरी राहणार. म्हणून मागू नको."

समोर गल्लीत कोणीतरी पाणी भरत होतं. मग तो म्हणाला, "तुझं गुजराती चांगलं आहे ना? अर्ज लिहून दे मला. पोरगी मराठी शाळेत, तिला ते ऑफिसातलं गुजराती जमत नाही."

मी गुजराती शाळेत शिकलो होतो. मुलीच्या वहीतलं पान घेऊन ओट्यावरच अर्ज लिहिला. गुडघ्याच्या दुखण्यामुळे उभ्यानं काम होत नाही, तरी बैठं काम मिळावं, ही विनंती. वाचून दाखवला. त्यानं एक शब्द बदलायला सांगितला, 'विनंती'च्या आधी 'नम्र' घाल म्हणाला. घातला. मग त्यानं खाली मराठीत सही केली.

अर्ज मीच सरांकडे नेला, कारण त्यांची शिफारस लागणार होती. सरांनी चष्मा लावून तो वाचला, दोनदा. "पहले मुझसे बोलता तो..." असं म्हणाले आणि थांबले. त्यांनाही माहीत होतं की आधी बोलला असता तर काय झालं असतं. खाली सही केली. अडीच-तीन महिने कागद फिरत राहिला. शेवटी त्याला गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर वहीत लिहायला.

मोठीची दहावी झाली, पास झाली. मी पेढे घेऊन गेलो तर त्यांनीच आधी आणून ठेवले होते.

टीम त्यानंतर दोनच मोसम चालली. शेठ आजारी पडले आणि मुलांनी कारभार हातात घेतला. त्यांना क्रिकेटची आवड होती, पण मिलची क्रिकेट टीमही त्यांनी काढली नाही. एक दिवस मैदानावर ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या, कापडाच्या गोदामाचा पाया खणायला सुरुवात झाली. आम्हाला कोणी बोलावून काही सांगितलं नाही. सराव कुठं करायचा हे विचारायला सरांकडे गेलो तर सर खोलीतल्या दोऱ्या गुंडाळत होते. त्यांनी प्रत्येकाला एकेक मलमाची डबी दिली आणि चुन्याच्या गोण्या बांधकामवाल्यांना देऊन टाकल्या.

आम्हाला एकेक करून खात्यांमध्ये वाटून टाकलं. काही जण सोडून गेले, एकानं रिक्षा घेतली. मला स्टेंटरवर टाकलं, जिथं ओलं कापड गरम हवेतून ताणून वाळवतात. तिथल्या जुन्या कामगारांनी पहिल्या दिवशी मला पाहिलं आणि कोणी 'जमाई' म्हटलं नाही. एकानं डोक्याला बांधायला फडकं दिलं.

वडिलांना मी सांगितलं की खेळ बंद झाला. ते जेवत होते. म्हणाले, "बरं व्हयनं," आणि मग माझ्याकडे बघून, "तुले वाईट वाटनं का?"

मी म्हटलं, नाही. ते खरंच होतं, निदान त्या दिवशी. स्टेंटरवर मी पुढं सात वर्षं काढली. उष्णतेनं डोळे कोरडे पडायचे आणि कपड्यांना केमिकलचा वास यायचा. पण सहाला सुट्टी व्हायची, सायकल काढायची आणि सरळ घरी. त्यानंतर कोणी पळायला सांगत नसे.